उजवीकडचा वारा

शिरपतीनं बापूंचा उजवा हात खडकावर आडवा दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं पहार उचलली, तेव्हासुद्धा मला वाटत होतं की तो नुसती भीती घालतोय.

"हात नको, शिरपती," बापू म्हणाले. "पाय मोड पायजे तर."

"हातच," तो म्हणाला.

पहार खाली आली. बापू ओरडले नाहीत. पोटात लाथ बसल्यावर निघते तशी त्यांच्या तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. मनगटाच्या वर हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलेलं मला दिसलं. शिरपतीनं पहार पुन्हा उचलली आणि या खेपेला कोपरावर घातली.

मला त्याच्या धाकट्या भावानं, तानूनं, मागून आवळून धरलं होतं. कोयत्याचं पातं माझ्या गळ्याला टेकलेलं होतं. "हलू नगंस," तो माझ्या कानात सारखा पुटपुटत होता, "गड्या, हलू नगंस, कापंल." दुसरा घाव पडला तेव्हा मी हिसका दिलाच. पातं कातडीवरून ओढलं गेलं आणि गरम रक्त छातीवर उतरलं. तानूच जास्त घाबरला. त्यानं कोयता टाकून दिला आणि मला दोन्ही हातांनी मिठी मारून धरलं.

शिरपती पहार खांद्यावर टाकून माझ्यासमोर आला. तिशीतला रुंद गडी. दगडाच्या खाणीत कामाला होता, तिथली पांढरी धूळ त्याच्या भुवयांत बसलेली असायची. सुरुंगाच्या कांड्याही तो तिथूनच आणायचा.

"सांग तुझ्या सायबांना," तो म्हणाला. "नदी त्यांनी ठेक्यानं घेतली आसंल, मासं आमच्या आज्या-पणज्यापास्नं हाईत. पुन्यांदा म्हातारा मधी आला तर डोस्कं फोडीन."

मग दोघांनी डोहात उतरून सुरुंगाच्या बारानं मेलेले, पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे दोन पोत्यांत भरले. लहान मासे गोळा करायचेही कष्ट घेतले नाहीत. ते वाहत गेले.

ही एकोणीसशे सत्याऐंशीच्या एप्रिलातली गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. माझं नाव धाकू ढेबे, आमचा धनगरवाडा नदीच्या वरच्या अंगाला. उंबरी नदीचा तीन मैलांचा पट्टा पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांच्या एका मंडळानं सरकारकडून घेतला होता. नदीत खडस मासा होता, साहेब लोक त्याला महाशीर म्हणत. रविवारी ते जीपमधून यायचे, मासा धरायचे, त्याच्याबरोबर फोटो काढायचे आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. खालच्या घोणसवाडीतल्या लोकांना ते वेड वाटायचं आणि रागही यायचा, कारण त्यांना मात्र गळ टाकायला बंदी होती. ती बंदी सांभाळायला मंडळानं दोन राखणदार ठेवले होते. एक हुसेन मुजावर, ज्यांना सगळे बापू म्हणायचे, आणि दुसरा त्यांच्या हाताखाली मी.

बापू तरुणपणी एका संस्थानिकाच्या शिकारखान्यात होते. तिथं आलेल्या कुणा गोऱ्या पाहुण्याकडून ते पिसांच्या माशीनं मासा धरायला शिकले. यात गळाला गांडूळ नसतं की कणकेचा गोळा नसतो. गळावर पिसं आणि रेशीम बांधून खोटी माशी करायची. तिला वजनच नसतं, त्यामुळं ती फेकता येत नाही. फेकायची असते ती तिच्या मागची जाड दोरी; दोरी आणि माशी यांच्यामध्ये नुसती बारीक तार. लवचिक काठीनं ती डोक्यावरून मागं-पुढं झुलवायची आणि नेमक्या क्षणी काठी जागच्या जागी थांबवायची. दोरी पुढं उलगडत जाते आणि सगळ्यात शेवटी माशी पाण्यावर उतरते.

बापू पंचवीस पावलांवरच्या वाटीत माशी टाकत. मी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मागं लागलो.

त्यांनी मला दोन वर्षं शिकवलं. मोटारीच्या जुन्या ट्यूबा दगड बांधून डोहात तरंगत ठेवल्या होत्या, एक दहा पावलांवर, एक वीस, एक तीस. कुठल्या ट्यूबेत टाकायचं ते मी काठी उचलल्यावर बापू सांगायचे.

"तीस! ...नको, दहा!"

मी गडबडायचो. दोरी पाण्यावर ढिगासारखी पडायची आणि बापूंच्या हातातली निरगुडीची फांदी माझ्या पोटरीवर बसायची.

"जोर लावून लांब जात नसतंय," ते म्हणायचे. "दोरी सोडायची आसती. डाव्या हातात किती वेढं ऱ्हायलेत ते बोटांना कळाय पायजे. डोळं तिकडं, ट्यूबेच्या हातभर वर. पाण्याकडं बघितलंस की पाण्यात पडंल."

दुपारी तीननंतर खोऱ्यात खालून वर वारा सुटायचा. आम्ही उभे राहायचो तिथं तो उजव्या अंगावर यायचा. बापू मला बरोबर त्याच वेळी काठी घ्यायला लावायचे.

"सकाळी वारं नसताना कुणीबी टाकंल. आता टाक."

वारा समोरून असेल तर मागची फेक उंच आणि पुढची पाण्याला घासून. पाठीमागून असेल तर उलटं. आणि उजवीकडून असेल तर काठी डाव्या खांद्यावरून आणायची, नाहीतर वारा गळ अंगावर आणतो. एकदा मी हे विसरलो आणि गळ माझ्या कानाच्या पाळीत रुतला. बापूंनी पक्कड आणली, गळाचं टोक दुसऱ्या बाजूनं आरपार काढलं, कापलं, आणि उरलेला भाग मागं ओढला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आता टाक," ते म्हणाले.

त्या मार्चपर्यंत तीस पावलांवरच्या ट्यूबेत, भर वाऱ्यात, दहापैकी नऊ वेळा माझी माशी पडायला लागली होती. मासे धरायला आलेले साहेब लोक थांबून बघायचे. बापू कधी शाबास म्हणाले नाहीत. पण एकदा मंडळाच्या एका मोठ्या साहेबाला ते म्हणाले, "माझा हात आता ह्याच्यात गेला." मी काठ्या पुसत होतो. ऐकलं नाही असं दाखवलं.

आणि मग ती पहार.

तालुक्याच्या दवाखान्यात बापू नऊ दिवस होते. मनगट जुळेल, डॉक्टर म्हणाले, कोपर मात्र आता वाकणार नाही. पोलीस चौकीत हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, साक्षीदार कोण? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, तू तर त्यांचाच माणूस, दुसरा कुणी सांग. दुसरा कुणी नव्हता. माझ्या गळ्यावरची जखम त्यानं बघितली आणि म्हणाला, दाढी करताना जपून करत जा.

घोणसवाडीच्या चहाच्या टपरीवर शिरपती मला दोनदा दिसला. चहा पीत नुसता बघत राहिला. त्या दिवसांत मी नदीवर एकटा फिरताना त्याला कसं मारायचं याचा विचार करायचो. दगडानं, कोयत्यानं, पाण्यात दाबून. हे मी कुणाला सांगितलं नाही.

सतराव्या दिवशी दुपारी बापू डोहाकाठच्या आमच्या झोपडीबाहेर आले. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. म्हणाले, "काठी दे."

"बापू, कशाला?"

"दे."

मी त्यांची स्वतःची काठी दिली. ते डोहाच्या काठाशी गेले आणि डाव्या हातात काठी घेऊन दहा पावलांच्या ट्यूबेकडं बघत उभे राहिले. दोरी हवेत उचलली. ती मागं गेली, पुढं आली आणि त्यांच्याच टोपीवर, खांद्यावर गुंडाळली गेली. त्यांनी ती सोडवली, पुन्हा उचलली. पाच वेळा. पाचव्या वेळेला माशी त्यांच्या प्लॅस्टरमध्ये अडकली आणि ती एका हातानं निघेना. मी पुढं झालो. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

त्याच वेळी खालच्या बाजूला बार उडाला.

सुरुंगाचा आवाज आम्हाला ओळखीचा होता. पाण्यात उडालेला बार पोटात घुमतो. हा पाण्यात उडाला नव्हता. हा उघड्यावर फुटला, आणि पाठोपाठ माणसाची किंकाळी आली.

मी बापूंच्या प्लॅस्टरमधल्या माशीपाशी तार तोडली, काठी उचलली आणि पळालो. काठी का उचलली ते आजही सांगता येणार नाही. हातात काहीतरी असावं म्हणून असेल.

चारशे पावलं खाली नदीच्या मध्ये म्हशीचा खडक आहे. त्याच्या पलीकडचं पात्र उथळ, गुडघाभर पाण्यातून चालत येता येतं. आमच्या बाजूला मात्र खोल धार, तीस पावलं रुंद, तिच्यात म्हैससुद्धा टिकत नाही. खडकावर दोघं होते. शिरपती गुडघ्यांवर बसला होता आणि त्याचा उजवा हात मनगटापासून पुढं नव्हता. चिंध्या लोंबत होत्या आणि रक्ताची चिळकांडी उडत होती. तानू त्याच्या शेजारी चाचपडत होता. चेहरा रक्तानं आणि दगडाच्या भुकटीनं माखलेला. दोन्ही डोळे मिटलेले.

"दादा, मला दिसंना," तो ओरडत होता. "दादा, कुठं हाईस? मला दिसंना!"

वात कमी पडली होती. कांडी हातातच फुटली होती.

मी काठावर उभा राहून बघत होतो. बापू धापा टाकत मागून आले, आणि तेवढ्यात वरच्या खोऱ्यातून वीजघराचा भोंगा आला. रोज चार वाजता तिथून पाणी सुटायचं. भोंगा झाल्यावर पाव तासात ते आमच्या पट्ट्यात यायचं आणि खडक बुडायचा. हे नदीकाठच्या पोराटोरांना माहीत होतं. त्या दोघांनाही माहीत होतं; मागच्या खुणा पाण्यानं धुऊन जाव्यात म्हणून तर ते साडेतीनला आले होते.

शिरपतीनं मान वर केली. आम्हाला बघितलं.

"धाकू!" तो ओरडला. "दोर टाक! मला न्हाई, ह्याला घे! ह्याला दिसत न्हाई!"

"पलीकडं जा!" मी ओरडलो. "चालत जा!"

तो तानूला धरून उठला, दोन पावलं टाकली आणि खाली कोसळला. पुन्हा उठायचा प्रयत्न केला. पाय धरत नव्हते. त्यानं दातांनी कमरेचा पंचा दंडावर आवळला आणि डाव्या हातानं भावाचा शर्ट पकडून खडकाच्या उंच टोकाकडं सरकायला लागला.

"झोपडीतनं जीपचा दोर आण," बापू म्हणाले. "पळ!"

चिखलात रुतलेली जीप ओढायला मंडळानं शंभर फुटी नायलॉनचा दोर ठेवला होता. मी तो आणला. टोकाला दगड बांधून सगळ्या ताकदीनं फेकला. निम्म्यावर पडला आणि धारेनं ओढून नेला. पुन्हा ओढून घेऊन फेकला. तिथंच पडला. तोवर धारेचा आवाज बदलला होता. पाणी गढूळ झालं, काठावरचा पाला उचलला गेला.

"काठीनं टाक," बापू म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं.

"पुढची बारीक तार काप. माशीच्या जागी चिंधी बांध. दोरी त्याच्या हातात गेली की तिच्या मागं जीपचा दोर बांधायचा, तो वढून घील. टोकाला मोठा फास कर, दोघं त्याच्यात बसतील. चल!"

"बापू, त्यानं तुमचा..."

"टाक म्हणतोय ना!"

मी तार कापली. डोक्याच्या लाल मुंडाशाची चिंधी फाडून टोकाला बांधली. बापूंनी एका हातानं आणि गुडघ्यानं जीपच्या दोराला फास केला. पाणी खडकावर त्या दोघांच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. अंतर तीस पावलं, वर दोनेक हात. वारा उजवीकडून, ओढणारा.

"डाव्या खांद्यावरनं," बापू म्हणाले. "त्याच्या छातीवर पडाय पायजे. त्येला एकच हात हाय, आणि त्यात भाऊ हाय. वाकून घेता यायचं न्हाई."

मी दोरी उचलली. हवेत झुलवत एकेक वेढा सोडत गेलो. शिरपती माझ्याकडं बघत होता. त्याची नजर काठीच्या टोकाकडं नव्हती, माझ्या तोंडाकडं होती. मी पुढची फेक केली.

चिंधी त्याच्यापासून दोन वाव लांब, माझ्या उजव्या हाताला पडली आणि धारेबरोबर खाली गेली.

"वारा!" मी ओरडलो.

मी दोरी ओढून घेतली. ओली दोरी हाताला सावरेना, तिचे वेढे नीट करायला वेळ गेला. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत चढलं. तानू आता ओरडत नव्हता. त्यानं भावाच्या कमरेला मिठी मारली होती आणि तोंड त्याच्या पाठीत खुपसलं होतं.

मी दुसऱ्यांदा टाकलं. दोरी सरळ गेली, अगदी त्यांच्या रेषेत. पण चार पावलं आधीच पाण्यावर पडली. शिरपतीनं हात पुढं केला. हात पुढं करण्यासाठी त्यानं तानूचा शर्ट क्षणभर सोडला. दोरी त्याच्या बोटांपासून खूप लांब होती. त्यानं हात मागं घेतला तोच वरून एक लाट आली, पाण्याबरोबर एक ओंडका आला. तो तानूच्या गुडघ्यांवर बसला.

तानूची मिठी सुटली. शिरपतीनं झडप घालून त्याची कॉलर धरली. एका हातात किती बळ असणार. मला शर्ट फाटल्याचा आवाज ऐकू आला असं वाटतं, पण त्या गोंगाटात ते शक्य नाही. तानू उताणा गेला. एकदा त्याचा हात वर आला, बोटं पसरलेली, आणि मग खालच्या वळणापाशी काही नव्हतं.

शिरपती ओरडला ते शब्द नव्हते.

"टाक," बापू माझ्या कानाशी म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "आता टाक, हरामखोरा."

मी तिसऱ्यांदा टाकलं. चिंधी शिरपतीच्या गळ्याशी जाऊन पडली, दोरी खांद्यावरून छातीवर. त्यानं ती घेतली नाही. नुसता वळणाकडं बघत राहिला. पाणी कमरेला आलं होतं. बापू काठावरून ओरडले, "शिरपती! आईचा इचार कर! तिला आता तूच हाईस!" तेव्हा कुठं त्यानं दोरी दातांत धरली.

पुढचं सगळं हातांनी केलं, डोक्यानं नाही. मी जीपचा दोर मागं बांधला, त्यानं डाव्या हातानं आणि दातांनी तो ओढला, फास डोक्यातून काखेत घातला. मी दोर काठच्या जांभळीच्या खोडाला एक वेढा देऊन धरला. तो धारेत पडला, बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. मी ओढत होतो, बापू डाव्या हातानं ओढत होते. त्यांच्या तळव्याची सालटी निघाली. काठाला लागला तेव्हा तो बेशुद्ध होता, आणि त्याच्या डाव्या मुठीत शर्टाचं कापड होतं. मूठ उघडेना.

तानूचं प्रेत दुसऱ्या दिवशी सात मैल खाली सापडलं.

पंचनाम्याला फौजदार आला. या वेळी स्वतः. त्यानं काठी हातात घेऊन बघितली, खडकाचं अंतर पावलांनी मोजता येत नव्हतं म्हणून डोळ्यांनी मोजलं आणि मान हलवली.

"एवढ्या लांब टाकलंस? ह्यानं?"

"हो साहेब."

"मग दोनदा का चुकलं?"

मी तोंड उघडायच्या आत बापू म्हणाले, "वारा होता, साहेब. उजवीकडचा. त्या वाऱ्यात माझ्यानंबी झालं नसतं."

हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

मग वर्तमानपत्रात बातमी आली. मंडळाच्या लोकांनी जीप भरून येऊन मला शाल दिली, नारळ दिला, घड्याळ दिलं. एकानं भाषण केलं की ज्यानं गुरूचा हात मोडला त्यालाच ह्या मुलानं वाचवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बापू मागं, जीपच्या सावलीत बसले होते. ते लोक गेल्यावर बापू डोहात उतरले आणि एका हातानं तिन्ही ट्यूबा ओढून काठावर आणल्या, हवा सोडली, आणि झोपडीमागं नेऊन टाकल्या. मी मदतीला गेलो तेव्हा म्हणाले, "मी करतो." त्यानंतर कामापुरतं बोलायचे. भाकरी झाली. जीप आली. एवढंच.

महिन्यानं शिरपतीची आई आली.

सकाळची दहाची वेळ असेल. मी काठावर बसून जाळी दुरुस्त करत होतो. साठीची बाई, हाडं निघालेली, पांढऱ्या कपाळाची. हातात टोपलीत तांदूळ, नारळ आणि एक कोंबडा. तिच्या मागं शिरपती. उजवी बाही कोपरापाशी गाठ मारलेली; हात तिथवर कापावा लागला होता. तो अंगानं निम्मा झाला होता. पोलीस केस लागली होती, जामिनावर सुटून आला होता.

मी उठलो. ती टोपली खाली ठेवून वाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी मागं सरकायला पाहिजे होतं. पाय हलले नाहीत.

"मावशी, नको," मी म्हणालो.

"न्हाई कसं," ती म्हणाली. "दोन गेली आसती माझी. तू एक ठिवलास. त्या म्हाताऱ्याचा हात ह्यानं मोडला, तरी तू ठिवलास. कुठल्या आईनं तुला जलम दिला रं." मग पदरानं डोळे पुसून विचारलं, "म्हाताराबाबा कुठं हाईत? त्यांच्याबी पायावर डोस्कं ठिवते. ह्याच्या वतीनं."

मी झोपडीकडं बोट दाखवलं. ती टोपली घेऊन गेली. आत तिचा आवाज आणि बापूंचा "उठा, उठा बाई" ऐकू आलं.

शिरपती जागचा हलला नव्हता.

"मी त्या झाडीतनं बघायचो तुला," तो म्हणाला. साध्या आवाजात, शेतीभातीचं बोलावं तसं. "बार टाकायच्या आधी तुम्ही कुठं हाय ते बघाया लागायचं. तिसाच्या ट्यूबेत तू नऊ-नऊ टाकायचास. ह्याच वाऱ्यात. तानूला लई आवडायचं ते. म्हणायचा, दादा, थांब की, ह्याचं एक बघू."

मी जाळी गुंडाळायला लागलो.

"त्या दिवशी वारा तुझ्या उजवीकडनं हुता. चिंधी उजवीकडं पडली. वाऱ्याच्या तोंडावर. वारा तर तिला डावीकडं न्यायचा."

"अंदाज जास्त धरला," मी म्हणालो.

"आन दुसरी?" त्यानं माझ्या डाव्या हाताकडं बघितलं. "दुसऱ्या बारीला दोरी तुझ्या डाव्या हातातच ऱ्हायली. चार-पाच वेढं. तू सोडलीच न्हाईस. मी बघत हुतो, धाकू. त्या बारीला तुझ्या हाताकडंच बघत हुतो."

नदीचं पाणी तेव्हा अगदी कमी होतं. डोहाच्या तळाचे गोटे दिसत होते.

"हां," मी म्हणालो.

"पैलीबी?"

"पैलीबी. तू मरावास असं वाटत होतं. अजून जरा वेळ गेला की तू मरशील. त्याचा विचार मी... तानूचा विचार माझ्या डोक्यातच नव्हता. तो गेल्यावर आला."

मी हे पहिल्यांदा तोंडानं बोललो. म्हटल्यावर मला वाटलं, आता तो मला मारणार, आणि मारू दे.

त्यानं मारलं. डाव्या हाताचा ठोसा होता, पण खाणीत पहार चालवलेल्या माणसाचा. नाकाचं हाड मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. मी खाली पडलो. त्यानं छातीवर गुडघा ठेवला आणि पुन्हा मारलं, तोंडावर, डोळ्यावर. उजवी बाहीसुद्धा वर जायची, तिथं काही नसताना. माझे हात दोन्ही बाजूंना मोकळे होते. मी ते उचलले नाहीत. मग त्यानं शेजारचा गोटा उचलला, नारळाएवढा. डोक्यावर धरला. तसाच धरून राहिला, आणि मग गोटा माझ्या कानाशेजारी वाळूत टाकला.

"तिला सांगू नगंस," तो म्हणाला. श्वास लागला होता. "ऐकतोस का? सगळ्या वाडीत ती तुझंच नाव घेती. तेवढ्यावर उठती, तेवढ्यावर जेवती. सांगितलंस तर खरंच मारीन."

झोपडीचं दार वाजलं. तो उठून नदीकडं तोंड करून उभा राहिला. मी उठून बसलो तोवर म्हातारी धावत आली होती. तिच्या मागं दारात बापू. त्यांनी आधी शिरपतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तिथंच थांबले.

"आगं बया! काय झालं ह्याला?"

"घसरलो, मावशी," मी म्हणालो. "शेवाळ आहे दगडावर."

ती माझ्यासमोर वाळूत बसली. पदराचा शेव नदीत बुडवून आणला, माझी हनुवटी एका हातात धरली आणि नाकातलं रक्त पुसायला लागली. हळू पुसत होती. मध्येच थांबून कापड पिळायची, पुन्हा पुसायची. पाणी लाल होऊन तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

"असं कसं रं लेकरा," ती म्हणत होती. "जपावं की जिवाला. वर बघ. वर बघ जरा, डोळ्यात गेलंय."

मी वर बघितलं.